चार हजार व्होल्टपासून चौतीस हजारांपर्यंत: गोव्याच्या दमट हवेत मार्क्स जनित्र कसे उभारावे

उच्च व्होल्टेजचा क्षणिक झटका, म्हणजेच पल्स, निर्माण करण्यासाठी उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लागतोच असे नाही. कपॅसिटर समांतर जोडून भरायचे आणि भरल्यावर एका क्षणात एकसरीत जोडायचे, एवढ्या एका युक्तीवर हे काम होते. जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांनी १९२४ साली या युक्तीचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने हे जनित्र ओळखले जाते. ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेटर यांच्यावर विजेच्या कडकडाटासारखा आघात करून त्यांची चाचणी घेणारी यंत्रे आजही याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात अशी ३६ जनित्रे आहेत आणि आपल्याकडे भाभा अणु संशोधन केंद्राच्या काली-५००० या इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणाऱ्या यंत्राची सुरुवातही मार्क्स जनित्रापासूनच होते.

या लेखात आठ टप्प्यांचे, सुमारे ३४ किलोव्होल्टचे आणि अत्यंत कमी ऊर्जेचे प्रात्यक्षिक जनित्र कसे उभारावे ते सांगितले आहे. हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या उपस्थितीतच करावे. मी फोंड्याला राहतो. पुस्तकांतील आकृत्यांवरून केलेले जनित्र आपल्या हवेत का रुसते, हे मला सावकाश आणि बऱ्याच मनस्तापानंतर उमगले. म्हणून त्या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी १२ व्होल्टवर रंगीत तालीम करावी. ती टाळून थेट ठिणगीकडे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे, कारण मंडळाची जोडणी डोक्यात पक्की बसते ती इथेच. १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे चार इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्यावेत. प्रत्येकाचे धन टोक एकेका १एन४००७ डायोडमधून आणि सर्वांसाठी मिळून ठेवलेल्या १०० ओहमच्या रेझिस्टरमधून १२ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडावे. डायोडवरची पट्टी कपॅसिटरच्या बाजूला असावी. पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक कायमचे शून्य तारेवर राहील. उरलेल्या तिघांची ऋण टोके मात्र रिलेच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या, एकेका मधल्या टोकाला जोडायची. रिले सुटलेला असताना ती शून्य तारेला लागलेली असावीत आणि रिले ओढला गेला की प्रत्येक ऋण टोक आपल्या आधीच्या कपॅसिटरच्या धन टोकाला जाऊन मिळावे. यासाठी चार पोलांचा एक रिले किंवा एकदम ओढले जाणारे दोन पोलांचे दोन रिले चालतात.

मल्टिमीटर शेवटच्या कपॅसिटरचे धन टोक आणि शून्य तार यांच्यामध्ये लावून ठेवावा. रिले सुटलेला असताना तो साडेअकराच्या आसपास दाखवतो. रिले ओढताच आकडा ४६ च्या आसपास उडी घेतो आणि मग हळूहळू उतरू लागतो. अठ्ठेचाळीस का नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःहून विचारला पाहिजे. डायोडने प्रत्येक टप्प्यावर सुमारे ०.६ व्होल्ट आपल्याकडे ठेवले, म्हणून चार वेळा ११.४ म्हणजे ४५.६ व्होल्ट मिळाले. आकडा इतका सावकाश का उतरतो, याचेही उत्तर हिशेबातच आहे. एकसरीत आल्यावर चार कपॅसिटर मिळून २५ मायक्रोफॅरडच उरतात आणि मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असल्यास कालांक, म्हणजे व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर उतरायला लागणारा वेळ, २५० सेकंद होतो. व्होल्टेज चौपट झाले तेव्हा धारिता एक चतुर्थांश झाली. ऊर्जा कुठूनही वाढली नाही. ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की मार्क्स जनित्राविषयीचे निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

आता खरे जनित्र. इथे रिलेची जागा ठिणगीची फट घेते आणि डायोडांची जागा मोठे रेझिस्टर घेतात. लागणारे सामान असे: १ नॅनोफॅरड, १० किलोव्होल्ट क्षमतेचे आठ सिरॅमिक डिस्क कपॅसिटर, १ मेगाओहमचे चौदा रेझिस्टर, आणि १२ व्होल्टवर चालणारे, ५ किलोव्होल्ट एकदिश दाब देणारे तयार मोड्यूल, ज्याचा कमाल प्रवाह एक मिलिअँपिअरच्या आत असेल. मोड्यूलच्या धन टोकाला १० मेगाओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडावा, म्हणजे पुढे काहीही झाले तरी अर्ध्या मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह सतत वाहू शकत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर या कामासाठी कोणीही, कधीही वापरू नये. त्याचा प्रवाह क्षणात जीव घेण्याइतका असतो आणि त्याने यापूर्वी शिकाऊ माणसांचे बळी घेतलेले आहेत.

रेझिस्टर निवडताना बहुतेक जण ओहम पाहतात, वॅट पाहतात आणि व्होल्ट पाहायचे विसरतात. अर्ध्या वॅटचा साधा रेझिस्टर साडेतीनशे ते पाचशे व्होल्टपर्यंतच सुरक्षित असतो. त्यापलीकडे त्याच्या अंगावरूनच ठिणगी जाते. आपल्या जनित्रात पल्सच्या क्षणी प्रत्येक रेझिस्टरवर चार हजारांहून अधिक व्होल्ट येतात. म्हणून १०० किलोओहमचे दहा रेझिस्टर एका ओळीत डाग देऊन एकेक १ मेगाओहमची माळ करावी. चौदा माळा म्हणजे १४० रेझिस्टर. काम कंटाळवाणे आहे, पण ते दोन विद्यार्थ्यांच्या एका दुपारचे आहे. मोड्यूलच्या पुढच्या १० मेगाओहमच्या रेझिस्टरलाही हाच नियम लागू आहे.

जोडणी शिडीसारखी आहे. आठ कपॅसिटर म्हणजे शिडीच्या आठ पायऱ्या. पायऱ्यांची डावी टोके एकमेकांना सात माळांनी जोडलेली, उजवी टोके दुसऱ्या सात माळांनी. डावीकडे तळाशी पुरवठ्याचे धन टोक १० मेगाओहममधून येते आणि उजवीकडे तळाशी अर्थिंग. आता प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकापासून तिच्या वरच्या पायरीच्या उजव्या टोकापर्यंत तिरकी अशी एक ठिणगीची फट ठेवायची. अशा सात फटी होतात. आठव्या पायरीचे डावे टोक हे आपले निर्गम टोक. त्याच्यापासून अर्थिंगच्या तारेपर्यंत आठवी, मोठी फट असते. कपॅसिटर भरताना सगळे समांतर असतात. पहिली फट फुटली की पहिल्या पायरीचे व्होल्टेज दुसरीच्या बुडाशी जाऊन बसते, त्यामुळे दुसऱ्या फटीवर जवळजवळ दुप्पट दाब येतो, ती फुटते, मग तिसरीवर तिप्पट, आणि काही नॅनोसेकंदांत सगळी शिडी एकसरीत उभी राहते. रेझिस्टर तेवढ्या वेळात जणू अस्तित्वातच नसतात, कारण कपॅसिटरला त्यांच्यातून रिकामे व्हायला अर्धा मिलिसेकंद तरी लागतो.

फटीचे अंतर हे या जनित्राचे काळीज. एकसारख्या विद्युतक्षेत्रात हवा किती व्होल्टला फुटते ते हवेची घनता आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ साली हा नियम मांडला. वातावरणाच्या नेहमीच्या दाबाला आणि २० अंश सेल्सिअसला एक मिलिमीटरची फट सुमारे ४.३ किलोव्होल्टला फुटते, १.२ मिलिमीटरची ५ किलोव्होल्टला आणि १.५ मिलिमीटरची ६ किलोव्होल्टला. आपल्याकडे खोलीत ३० अंश तापमान सहज असते, हवा तेवढी विरळ होते, म्हणून हे आकडे दोन-तीन टक्क्यांनी खाली धरावेत. पहिली फट एक मिलिमीटर ठेवावी, म्हणजे ती ४.२ किलोव्होल्टला फुटेल. उरलेल्या सहा फटी १.२ मिलिमीटर ठेवाव्यात, म्हणजे त्या जवळजवळ ४.९ पर्यंत तग धरतील आणि पहिलीची वाट पाहतील. पहिली आधी फुटली नाही आणि मधलीच एखादी फुटली, तर शिडी अर्धवट उभी राहते आणि ठिणगी मरतुकडी निघते.

अंतर डोळ्यांच्या अंदाजाने लावू नये. मोटार गॅरेजमध्ये प्लगची फट मोजायला जो फीलर गेज वापरतात तोच इथे उत्तम चालतो. फटीच्या दोन्ही बाजूंना गोल डोक्याचे पितळी नट बसवावेत. टोकदार खिळा किंवा तारेचे कापलेले टोक वापरल्यास क्षेत्र एकसारखे राहत नाही आणि वरचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. दर काही शे ठिणग्यांनंतर पितळेवर काळपट डाग पडतात. बारीक पॉलिश पेपरने ते घासून, पुसून, अंतर पुन्हा मोजून घ्यावे. आणखी एक बाब पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते, पण तिचा फरक प्रचंड पडतो. सातही फटी एका सरळ रेषेत, एकमेकींना दिसतील अशा ठेवाव्यात. पहिल्या ठिणगीतून निघणारा अतिनील प्रकाश पुढच्या फटींवर पडला की तिथे सुरुवातीचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्या विनाविलंब फुटतात. मध्ये कपॅसिटरची चकती आडवी आली तरी जनित्र अडखळू लागते.

या मांडणीत निर्गम टोकावर आठ वेळा ४.२ म्हणजे कागदावर ३४ किलोव्होल्ट येतात. प्रत्यक्षात शिडीची स्वतःची भरकटलेली धारिता, म्हणजे तिचे भाग आणि आजूबाजूच्या वस्तू यांच्यात नकळत तयार होणारे छोटे कपॅसिटर, थोडा वाटा खाते. शेवटची फट आधी दीड सेंटीमीटर ठेवावी आणि ठिणगी खणखणीत येत असेल तर हळूहळू वाढवावी. सेकंदाला काही ठिणग्या पडतात. आठही कपॅसिटरांत मिळून साठलेली ऊर्जा सुमारे ०.०७ ज्यूल असते. ही संख्या लहान आहे म्हणूनच हा प्रयोग वर्गात करता येतो. हेच कपॅसिटर बदलून कोणी १ मायक्रोफॅरडचे लावले तर ऊर्जा हजारपट, म्हणजे सत्तर ज्यूल होईल आणि पहिलीच चूक शेवटची ठरेल. बाहेरून दोन्ही जनित्रे जवळजवळ सारखीच दिसतात. त्यामुळे कपॅसिटरवरचा आकडा मी स्वतः वाचल्याशिवाय कोणालाही स्विच दाबू देत नाही.

आता आपल्या हवेविषयी. मी पहिले जनित्र एप्रिलमध्ये प्लायवुडच्या फळीवर उभारले होते आणि ते सुंदर चालले. जुलैच्या मध्यावर, सूर्य न दिसलेल्या पंधरवड्यात, ते विद्यार्थ्यांना दाखवायला काढले तर एकही ठिणगी पडेना. सगळ्यांचे मत एकच पडले की हवा ओली आहे, ओल्या हवेतून वीज झिरपते. म्हणून आम्ही फटी कमी केल्या, मोड्यूल बदलले, दोन दिवस घालवले. शेवटी खिडक्या बंद करून, दिवे मालवून अंधारात पाच मिनिटे नुसते पाहत बसलो, तेव्हा एक बारीक फुसफुस ऐकू आली आणि तिसऱ्या पायरीखाली, प्लायवुडच्या दोन स्क्रूंमध्ये, एक जांभळट धागा मुंगीसारखा सरकताना दिसला.

दोष हवेचा नव्हता. हवेतील बाष्पाने फटीची फुटण्याची पातळी खाली येत नाही. एकसारख्या क्षेत्रात ती उलट किंचित वरच जाते. दोष पृष्ठभागाचा होता. लाकूड बाष्प पिते, त्यावर किनाऱ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यातील मीठ बसते, मीठ आणखी बाष्प ओढून घेते आणि इन्सुलेटर म्हणून वापरलेली फळी स्वतःच एक रेझिस्टर होऊन बसते. हिशेब करून पाहा. मोड्यूल ५ किलोव्होल्टचे, पुढे १० मेगाओहम. कपॅसिटर आपोआप रिकामे व्हावेत म्हणून पहिल्या पायरीवर १०० मेगाओहमचा निचरा रेझिस्टर कायमचा लावलेला असतो. तो धरून कोरड्या दिवशी कपॅसिटर ४.५ किलोव्होल्टपर्यंत चढू शकतात आणि ४.२ ची फट फुटते. फळीतून नुसती ३० मेगाओहमची गळती सुरू झाली की तेच व्होल्टेज साडेतीन किलोव्होल्टवर अडकते. फट कधीच फुटणार नाही. तीस मेगाओहम म्हणजे मल्टिमीटरवर बहुधा काहीच दिसत नाही, त्यामुळे मल्टिमीटरने तपासून समाधान मानू नये.

म्हणून प्लायवुड नको आणि हायलमची, म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदाच्या थरांची, फळीही नको, कारण तीही ओल धरते. ॲक्रिलिकची ८ मिलिमीटर जाडीची पट्टी उत्तम. ती मिळाली नाही तर स्वयंपाकघरात भाजी चिरायला वापरतात तो पांढऱ्या पॉलिथिनचा कोरा फळा घ्यावा. पाणी न शोषणारा, सहज भोके पाडता येणारा आणि स्वस्त असा दुसरा पदार्थ मला अजून सापडलेला नाही. दोन पायऱ्यांमध्ये चार सेंटीमीटरहून कमी अंतर ठेवू नये. मधल्या जागेत आडवी खाच पाडली तर गळतीची वाट लांबते. जोडणी झाल्यावर घामाच्या बोटांचे ठसे आणि डागाचा चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याची खात्री करूनच पुढचे काम करावे, कारण त्याची वाफ ठिणगीने पेट घेते. डागाची टोकदार शेपटे राहू देऊ नयेत. प्रत्येक सांधा गोलसर थेंबासारखा असावा, नाहीतर तिथून कोरोना, म्हणजे हवेत होणारा मंद विद्युतस्राव, सुटतो आणि त्यातूनही व्होल्टेज गळते.

मृगापासून चवथीपर्यंत जनित्र झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. वापरण्याआधी ४० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली अर्धा तास ठेवून, बल्ब बाजूला करून, मगच चालवावे. एवढे केले तर भर पावसातही ते एप्रिलसारखे वाजते.

मोजमापाविषयी एकच सूचना. ऑसिलोस्कोपचा नेहमीचा प्रोब निर्गम टोकाला कधीही लावू नये. तो काहीशे व्होल्टसाठी बनलेला असतो. व्होल्टेजचा अंदाज घ्यायचा असेल तर शेवटच्या फटीला दोन सारखे, गुळगुळीत धातूचे गोळे लावावेत आणि ठिणगी बंद पडेपर्यंत अंतर वाढवत जावे. गोळ्यांच्या फटीने व्होल्टेज मोजण्याची ही पद्धत उच्च व्होल्टेजच्या प्रयोगशाळांत आजही मान्य आहे.

ठिणगीऐवजी अर्धवाहक वापरता येतात का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. येतात, आणि नवी बरीच यंत्रे तशीच असतात. फटीच्या जागी आयजीबीटी, म्हणजे उच्च व्होल्टेज पेलणारे ट्रान्झिस्टर, आणि रेझिस्टरांच्या जागी डायोड लावले की पल्स हवी तेव्हा सुरू आणि हवी तेव्हा बंद करता येते, आकार चौकोनी मिळतो आणि सेकंदाला हजारो पल्स काढता येतात. अवघड भाग असा की प्रत्येक पायरी वेगवेगळ्या व्होल्टेजवर उडी घेत असताना तिच्या गेटला, म्हणजे आयजीबीटी चालू-बंद करणाऱ्या टोकाला, आज्ञा पोचवायची असते, त्यामुळे प्रत्येकीसाठी अलग ट्रान्सफॉर्मर किंवा प्रकाशतंतू लागतो. नॅनोसेकंदाच्या कामासाठी २एन२३६९ सारखे छोटे ट्रान्झिस्टर ॲव्हलांचमध्ये, म्हणजे मुद्दाम विद्युतभंगाच्या पातळीवर, चालवतात. तिथे पुरवठा नव्वद व्होल्टच्या आसपासचा पुरतो. माझे मत विचाराल तर ठिणगीचे जनित्र नीट समजल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

चालवताना जनित्र धातूच्या जाळीच्या, अर्थिंग केलेल्या पेटीत ठेवावे. जाळी कोणत्याही पायरीपासून १५ सेंटीमीटर तरी दूर असावी. पेटीचे दार उघडताच मोड्यूलचा पुरवठा तुटेल असा स्विच दाराला लावावा. मोबाइल, लॅपटॉप आणि पेसमेकर बसवलेली व्यक्ती यांना खोलीबाहेर ठेवावे. खिडकी उघडी असावी, कारण ठिणगीतून ओझोन तयार होतो. काचेची निर्वात नळी किंवा जुना व्हॅक्यूम व्हॉल्व्ह निर्गम टोकाला लावण्याचा मोह कोणी करू नये. निर्वातात या व्होल्टेजला क्ष-किरण निघतात. एक हात खिशात ठेवूनच पेटीजवळ जावे.

काम संपले की आधी मोड्यूलचा पुरवठा प्लगपासून काढावा आणि तीस सेकंद थांबावे. निचरा रेझिस्टर तेवढ्या वेळात कपॅसिटर रिकामे करतो. तरीही त्याच्यावर विसंबू नये. पीव्हीसीच्या हातभर लांब नळीच्या टोकाला १०० किलोओहमची माळ आणि अर्थिंगची तार बांधून केलेली काठी घ्यावी आणि तळापासून वर, प्रत्येक पायरीची दोन्ही टोके एकेक करून तिने स्पर्शावीत. नंतर मिनिटभराने हेच पुन्हा करावे, कारण रिकामा केलेला कपॅसिटर आपल्या पदार्थात मुरलेला थोडा भार परत टोकांवर आणतो. शेवटी आठही कपॅसिटरांची टोके उघड्या तांब्याच्या तारेने एकत्र बांधावीत आणि तार तशीच ठेवून जनित्र डब्यात घालावे. पुढच्या वेळी डबा उघडणारा माणूस ती तार सोडवूनच कामाला लागेल.